वाचकांचे प्रश्न: अडीच लाख भरले तर सायटेशन्स वाढतील का?

प्रश्न: मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका कॉलेजात झूलॉजी शिकवते, सोबत पीएचडी चालू आहे. पेपर ॲक्सेप्ट झाला आणि लगेच मेल आला की ओपन ॲक्सेस, म्हणजे पेपर कुणालाही फुकट वाचता येईल असं हवं असेल तर फी भरा, आपल्या पैशात अडीच लाखांच्या आसपास, नाहीतर पेपर नेहमीसारखा पेवॉलमागे जाईल, म्हणजे पैसे भरणाऱ्यांनाच वाचता येईल, त्याला काही लागणार नाही. गाईड सर म्हणतात भरून टाका, सायटेशन्स, म्हणजे दुसऱ्यांच्या पेपरांत आपल्या पेपरचे येणारे संदर्भ, दुप्पट होतात. घरचे म्हणतात वेड लागलंय का. काय करू?

उत्तर: मॅडम, घरच्यांचं ऐका. सर अगदीच हवेत बोलत नाहीयेत, पण दुप्पट वगैरे विसरा.

२००१ मध्ये स्टीव्ह लॉरेन्स यांनी 'नेचर' या जर्नलमध्ये कॉम्प्युटर सायन्सच्या कॉन्फरन्स पेपरांचा हिशोब मांडला, नेटवर फुकट मिळणाऱ्या पेपरांना सरासरी ३३६ टक्के जास्त सायटेशन्स. तेव्हापासून हे सगळीकडे सांगितलं जातं. पण ती तुलना नेटवर असलेल्या आणि नेटवर नसलेल्या पेपरांची होती, आज पेवॉलमागचा पेपरसुद्धा गूगलवर दिसतोच की. २०१८ मध्ये पिवोवार आणि मंडळींनी विषय आणि पेपरचं वय धरून हिशोब केला तर ओपन पेपर सरासरीपेक्षा १८ टक्के पुढे निघाले.

आणि हे १८ टक्के तरी ओपन ठेवल्यामुळेच आले का? घोडं पेंड खातं ते इथंच. ज्या लॅबकडे तगडी ग्रँट असते तीच एपीसी, म्हणजे ही ओपन ॲक्सेसची फी, भरते, आणि भरते तीसुद्धा आपल्या सगळ्यात दमदार पेपरसाठी, म्हणजे तो पेपर तसाही गाजलाच असता, श्रेय मात्र ओपन ॲक्सेस घेऊन जातं.

हेच तपासायला फिलिप डेव्हिस यांनी सरळ प्रयोग केला, मला तो फार आवडतो. अमेरिकन फिजिऑलॉजिकल सोसायटीच्या ११ जर्नल्समधले २४७ पेपर रँडम पद्धतीनं उघडे ठेवले, लेखकाला विचारलंच नाही, बाकीचे बंद. २००८ मध्ये 'बीएमजे' या मेडिकल जर्नलमध्ये निकाल आला: फुल टेक्स्टचे डाउनलोड ८९ टक्क्यांनी जास्त, पीडीएफचे ४२ टक्क्यांनी जास्त, आणि पहिल्या वर्षात सायटेशन्समध्ये फरक शून्य. पुढे ३६ जर्नल्सवर तीन वर्षं बघितलं तरी तेच. तर्कही पटतो, सायटेशन देणारा माणूस बहुतेक वेळा अशा युनिव्हर्सिटीत बसलेला असतो जिथे जर्नल आधीच येतंय. फुकट पेपरचा फायदा होतो तो डॉक्टर, शिक्षक, पत्रकार, लहान कॉलेजातली पोरं यांना, आणि ते वाचतात पण साइट करायला त्यांचे पेपर कुठे असतात!

याच्या उलट, २०१० च्या एका अभ्यासात संस्थेनं सक्ती केली म्हणून, म्हणजे लेखकानं निवडून नव्हे, ओपन झालेल्या पेपरांनाही फायदा दिसला होता. २०२१ मध्ये असे १३४ अभ्यास एकत्र तपासले गेले, ६४ म्हणाले फायदा होतो, ३७ म्हणाले होत नाही, ३२ म्हणाले काही ठिकाणी होतो. एवढ्या भरवशावर मी तरी पीएफला हात लावणार नाही.

आता काम काय करायचं ते सांगतो. रिव्ह्यूनंतर ॲक्सेप्ट झालेली तुमची शेवटची वर्ड फाइल असेल ना, जर्नलनं सजवलेली पीडीएफ नव्हे, ती फाइल रिपॉझिटरीत, म्हणजे पेपर फुकट ठेवायच्या ऑनलाइन संग्रहात, टाकायला बरीच जर्नल्स परवानगी देतात, कधी लगेच, कधी सहा-बारा महिन्यांनी. 'ओपन पॉलिसी फाइंडर' (आधीचं शेर्पा रोमिओ) या साइटवर जर्नलचं नाव टाका, नियम कळतील. हा रस्ता फुकट आहे, आणि २०१८ च्या त्या अभ्यासात जो फायदा दिसला त्यात अशा पेपरांचा मोठा वाटा होता. शिवाय १ जानेवारी २०२५ पासून 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन'मुळे केंद्र आणि राज्य सरकारच्या संस्थांना जवळपास १३,००० जर्नल्स उघडी झालीत, म्हणजे आपल्याकडचे बरेच लोक पेवॉल असला तरी वाचू शकतील. याच योजनेत निवडक ओपन ॲक्सेस जर्नल्सच्या फीसाठीही तरतूद आहे, तुमचं कॉलेज किंवा युनिव्हर्सिटी त्यात बसते का ते लायब्ररियनना विचारा आणि मगच त्या मेलला उत्तर द्या.

आणि हो, सरांना डेव्हिसचा पेपर पाठवा. फुकट मिळतो.