मुंबई ते न्यूयॉर्क विमानाने अंतर किती आणि वेळ किती लागतो? आईला एकटीला पाठवायचं आहे.

सरळ गेलं तर साधारण साडेबारा हजार किलोमीटर. नॉनस्टॉप विमानाला जाताना 16 तासांच्या आसपास, येताना वारा पाठीशी असतो म्हणून त्याहून कमी. पण आईला पाठवायचंय असं तुम्ही लिहिलंय म्हणून सांगते, एवढा आकडा धरून तिकीट काढायला बसू नका.

आमच्या दादाने तेच केलं. तो अमेरिकेत न्यू जर्सीत, वहिनीचं पहिलं बाळंतपण, आई सांगलीत. आखातात विमान बदलायचं स्वस्त तिकीट काढलं आणि मला फोनवर हिशेब ऐकवला: मुंबई-दुबई 1,900, दुबई-न्यूयॉर्क 11,000, म्हणजे चारशेच किलोमीटर जास्त, त्यात काय एवढं! किलोमीटर बरोबरच होते. मधली अख्खी रात्र त्यात कुठे होती?

सांगलीहून आदल्या संध्याकाळी गाडीने निघायचं. विमानाच्या चार तास आधी विमानतळावर. मग तीन तासांचं विमान, आणि पुढे परक्या विमानतळावर खुर्चीत बसून पहाट. आईचे गुडघे दुखतात, इंग्रजी येत नाही. हातातल्या पिशवीत डिंकाचे लाडू, ती खाली ठेवायलाही तयार नाही. गेट बदललं हे तिला कळलंच नव्हतं. शेजारी बसलेली एक मल्याळी नर्स हाताला धरून घेऊन गेली म्हणून पुढचं विमान मिळालं. न्यूयॉर्कला उतरली तेव्हा पाय इतके सुजले होते की चपला घालता येईनात. दादा अजून म्हणतो, "तीन आणि चौदा, सतराच तास!"

नॉनस्टॉपचे 16 तासही काही काळ्या दगडावरची रेघ नाहीत. सगळ्यात जवळची वाट सिंध, अफगाणिस्तान, रशिया, नॉर्वे, आइसलँड अशी ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाकडून जाते. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हवाई हद्द बंद केली तेव्हा वळसे वाढले. अमेरिकी कंपन्यांना तर 2022 पासून रशियावरून जाता येत नाही. तेव्हा तुमच्या तारखेचं वेळापत्रक बघा. तिकिटावर त्या त्या ठिकाणची वेळ छापलेली असते. न्यूयॉर्क आपल्या मागे, उन्हाळ्यात साडेनऊ तास आणि हिवाळ्यात साडेदहा.

तरुण माणूस असेल, पैशांची ओढाताण असेल, तर मध्ये थांबून जायला काहीच हरकत नाही. सलग इतके तास बसणं काहींना झेपतही नाही. पायात रक्ताची गुठळी होऊन गेली असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. पण साठीपुढची, एकटी, मराठीखेरीज काही न बोलणारी बाई असेल तर नॉनस्टॉपच, आणि व्हीलचेअर तिकीट काढतानाच मागून ठेवा. वरचे पैसे मुलांनी भरावेत. मी भरायला तयार होते, दादाने ऐकलं नाही. पुढच्या वेळी आईचं तिकीट मी काढणार, हे त्याला सांगून झालंय.