गेम बनवायचाय ना? मग ऐक

भाऊ, भुसावळला बसून गेम बनवता येतो. पण नोकरीच्या भरवशावर कॉलेज सोडू नकोस. मायक्रोसॉफ्टने ऑक्टोबर 2023 मध्ये अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझर्ड ही मोठी गेम कंपनी जवळपास 69 अब्ज डॉलरला घेतली आणि जानेवारी 2024 मध्ये गेमिंग विभागातल्या 1,900 जणांना घरी बसवलं.

इंजिन, म्हणजे गेम बनवायचं सॉफ्टवेअर, गोडोट घे. फुकट आहे, साध्या लॅपटॉपवर चालतं. (मे महिन्यात मात्र भर दुपारी बसू नकोस, लॅपटॉप तापून रडतो.) युनिटी या दुसऱ्या इंजिनच्या कंपनीने 2023 मध्ये गेम बनवणाऱ्यांवर दर इन्स्टॉलमागे फी जाहीर केली, बोंबाबोंब झाली, वर्षभराने मागे घेतली. माझं मन तिच्यावरून उडालं ते उडालंच.

पहिला गेम एका स्क्रीनचा, एका उडीचा. त्या उडीवरच आठवडा घाल. खाली येताना वेग थोडा वाढव. कडेवरून पाय निसटल्यावरही क्षणभर उडी मारू दे. खेळणाऱ्याला कळत नाही, पण चिडचिड थांबते.

घरच्यांना गेम म्हणजे जुगार वाटतो, त्यात 2025 मध्ये पैशांच्या ऑनलाइन गेमवर कायद्याने बंदी आली. समजावत बसू नकोस, खेळायला दे. आमचे नाना केळीच्या बागेतून आले तसा मी फोन हातात दिला. गेममध्ये दोन-तीनदा खड्ड्यात पडले, मग म्हणाले, "तो खड्डा लहान कर रे." केला. म्हणणं बरोबर होतं.