फ्लाय (गळावर पिसं, केस, दोरा बांधून केलेलं मासे धरायचं खोटं आमिष) बांधायला शिवणकामाची कात्री चालेल का, की वेगळी घ्यावी?

वेगळीच घ्या, साधारण चार इंची, सुईसारख्या टोकाची आणि अंगठा-बोट सैल बसेल एवढ्या मोठ्या कड्यांची. शिवणकामाच्या कात्रीचं टोक जाड असतं. गळाच्या डोळ्यापाशी, म्हणजे दोरी ओवायच्या भोकापाशी, दोऱ्याचं शेपूट कापायला जावं तर बांधलेला दोराच तुटतो आणि सगळं उसवतं. नांदेडला गोदावरीवर गळ टाकतो, फ्लाय घरीच बांधतो, त्यात अशा बऱ्याच वाया घालवल्यात. खास कात्री मागवायची नसेल तर दवाखान्यांच्या गल्लीत सर्जिकल सामानाच्या दुकानात 'आयरिस सीझर' मागा, सरळ पात्याची. फक्त कडी बोटात घालून बघा, त्या कात्रीची कडी बहुधा लहान असते. मोठ्या कड्यांची कात्री बांधताना हातातच राहते, दर वेळी खाली ठेवावी लागत नाही.

दोरा ताणून धरा आणि उघड्या पात्याची धार नुसती टेकवा, तुटतो. कोंबड्याचं पीस टोकानं कापा. केस किंवा नायलॉनचे धागे गुळगुळीत पात्यावरून निसटतात, तिथे एका पात्याला बारीक दाते असलेली बरी. तांब्याची तार मात्र टोकानं कधीच नाही! पात्याला खाचा पडतात आणि मग पीस कापायच्या ऐवजी चघळल्यासारखं होतं. तारेला जुनी कात्री ठेवा. धार गेली म्हणून दारावरच्या धारवाल्याकडेही देऊ नका, चाकावर बारीक टोक उडतं.

मोठ्या गळावर जाड केसांच्याच फ्लाय बांधणार असाल तर मात्र इतकं नाजूक टोक लागत नाही.