चार लिटर बिअरसाठी किलोभर माल्ट घरी कसं भरडावं?

तुमचा प्रश्न असा आहे: न्यू जर्सीत फ्लॅटमध्ये राहता, एक गॅलनची म्हणजे पावणेचार लिटरची बिअर करायची आहे, त्याला साधारण ९०० ग्रॅम माल्ट लागेल. एवढ्याशासाठी शंभर-दीडशे डॉलरची रोलर मिल, म्हणजे दोन रुळांत दाणे भरडणारी गिरणी, घ्यावी, की भारतातून आणलेल्या मिक्सरवर भागेल?

मी सहा वर्षं एवढ्याच मापाची बिअर करतोय. मिल घेऊ नका. मिक्सर चालतो, पण बिअर कापडी पिशवीत करणार असाल तरच, म्हणजे भरडलेलं माल्ट पिशवीत घालून गरम पाण्यात भिजवायचं आणि मग पिशवी उचलून घ्यायची. म्हणून आधी पिशवीचं ठरवा, भरडण्याचं नंतर.

माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेलं सातू. बाळाच्या सत्त्वासाठी आपण नाचणीला मोड आणून वाळवतो, तीच क्रिया. दाण्याच्या आत ठिसूळ, पिठूळ गर असतो आणि बाहेर चिवट तूस. गर फुटून रव्यासारखा झाला, की ६५ ते ६८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात दाण्यातलीच एन्झाइम्स स्टार्चची साखर करतात. दाणा अख्खा राहिला तर पाणी आत शिरत नाही आणि तो दाणा फुकट जातो. तूस मात्र होता होईल तो अखंड राहायला हवं, कारण तळाला जाळी असलेल्या भांड्यात त्याचाच थर गाळणीचं काम करतो. थोडक्यात, दळायचं नाही, भरडायचं. माझी आजी डाळ भरडायला बसली की जात्याच्या खुंट्याला चिंधी गुंडाळून वरचा दगड जरासा उचलून घ्यायची, म्हणजे दाणा फुटायचा पण पीठ व्हायचं नाही. रोलर मिलमध्ये दोन रुळांत साधारण एक मिलिमीटर फट ठेवतात, ती यासाठीच.

पिशवीत बिअर करताना गाळण्याचं काम कापड करतं, तुसावर भिस्त राहत नाही. त्यामुळे भरड थोडी बारीक झाली तरी चालते. ही सोय नसताना मी एकदा सगळं माल्ट मिक्सरमध्ये एका दमात फिरवलं होतं. त्याचं पीठ झालं, जाळीवर खळीसारखा लगदा बसला, दोन तास थांबूनही माल्टचा जेमतेम दोन लिटर गोड रस उतरला. तेव्हा मूठभर भाताचं तूस मिसळलं असतं तर वाट मोकळी झाली असती. इथल्या होमब्रूच्या, म्हणजे घरी बिअर करण्याचं सामान विकणाऱ्या, दुकानांत ते धुतलेलं, वाळवलेलं मिळतं.

मिक्सर वापरायचाच असेल तर चटणीचं छोटं भांडं घ्या. एका वेळी १०० ग्रॅमच माल्ट, आणि बटण एक-एक सेकंदच दाबायचं, तीन-चार वेळा. दर खेपेला भांडं हलवून खालचं वर करा. पातं दाणा चिरडत नाही, कापतं. त्यामुळे पीठ आणि अख्खे दाणे दोन्ही एकत्र मिळतात. ते पांढऱ्या ताटात पसरून बघा. अख्खे दाणे पटकन दिसतात. जाड चाळणीवर राहिलेलं तेवढंच पुन्हा फिरवा, खाली पडलेलं नाही.

मला स्वतःला लाटणं जास्त आवडतं. जाड प्लास्टिकच्या पिशवीत पाव किलो माल्ट पातळ पसरायचं, हवा काढून टाकायची आणि ओट्यावर ठेवून अंगाचा भार देत लाटणं फिरवायचं. आपटायचं नाही, आपटलं की दाणे बाजूला पळतात. पोळ्यांचं बारीक लाटणं इथे कमी पडतं, जाड आणि जड हवं. ९०० ग्रॅमला मला पाऊण तास लागतो आणि दुसऱ्या दिवशी खांदे बोलतात, पण तूस छान अखंड राहतं.

यात एक युक्ती फार उपयोगी आहे. भरडण्याच्या दहा मिनिटं आधी माल्टवर वजनाच्या दोन टक्के पाणी फवारायचं, म्हणजे ९०० ग्रॅमला १८ मिली, साडेतीन चहाचे चमचे. हाताने नीट कालवा. पाणी फक्त तुसात मुरतं, तूस मऊ होऊन फाटत नाही, आतला गर कोरडाच राहतो. पोहे भिजवल्यासारखं ओलं मात्र करू नका, आणि असं माल्ट त्याच दिवशी वापरून टाका.

गव्हाच्या माल्टला तूस नसतं, दाणा बारीक आणि कडक असतो, लाटण्याखाली तो निसटतो. तो खुशाल मिक्सरमध्ये घाला. काळं भाजलेलं माल्ट कॉफीच्या ग्राइंडरमध्येही सहज फुटतं. तेवढं ५०-६० ग्रॅमच लागतं.

भरड जाडसर झाली तर नुकसान किती? माझ्याकडे ९०० ग्रॅम माल्टचा रस लाटण्याने हायड्रोमीटरवर (रसाची घनता मोजणारी नळी; साखर जास्त तेवढा आकडा मोठा) १.०४४ आला, मित्राच्या हातमिलने १.०५२. फरक आहे, पण १५०-२०० ग्रॅम माल्ट जास्त घेतलं की भरून निघतो. मोठ्या ब्रुअरीला हा खर्च परवडणार नाही, आपल्याला अगदी सहज परवडतो. बारीक भरडीने बिअर तुरट होईल अशी भीती बरेच जण घालतात. तुरटपणा मुख्यतः पाणी ७७ अंशांच्या वर गेल्याने किंवा अल्कधर्मी पाण्याने येतो. तेवढं सांभाळा आणि पिशवी निर्धास्त पिळा.

जवळ होमब्रूचं दुकान असेल तर पहिल्या खेपेला तिथूनच भरडून आणा आणि ती भरड कशी दिसते ते नीट पाहून ठेवा. अख्खं माल्ट कोरड्या डब्यात वर्षभर टिकतं, भरडलेलं हवाबंद ठेवून दोनेक आठवड्यांत संपवलेलं बरं.

अमेरिकेत घरगुती बिअर १९७८च्या कायद्याने केंद्राच्या पातळीवर मोकळी झाली. दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलनची मर्यादा आहे. हे वाचून पुण्या-मुंबईत कुणी करू पाहील तर महाराष्ट्रात १९४९चा दारूबंदी कायदा लागू आहे, परवान्याशिवाय मद्य बनवता येत नाही.

आणि भरडण्याचं काम आंबणाऱ्या बिअरपासून लांब करा. धान्याच्या धुळीत लॅक्टोबॅसिलस नावाचे जिवाणू असतात, तयार होत आलेली बिअर त्यांनी आंबट होते. मी दुसऱ्या खोलीत खिडकी उघडून भरडतो, ओटा ओल्या फडक्याने पुसतो, हात धुतो, आणि मगच फर्मेंटरला, म्हणजे बिअर आंबवायच्या भांड्याला, हात लावतो.