काश्मीरला गेलेल्या ट्रकची चाकं थंडीत जाम झाली, हवेच्या टाकीत स्पिरिट टाकावं का?

तुम्ही लिहिलंय की तुमच्या गाडीने न्हावाशेव्याचा माल श्रीनगरला उतरवला, परतीला वाशी मार्केटसाठी सफरचंदं भरली आणि रस्ता बंद म्हणून काझीगुंडला लाइनीत अडकली. सकाळी मीटरवर पूर्ण हवा, तरी मागची चाकं हलेनात. शेवटी ड्रायव्हरने ॲक्सलखाली जाळ करून ती सोडवली. आता तो म्हणतो, पुढच्या वेळी टाकीत स्पिरिट टाकून द्या. तसं करावं का, हा तुमचा प्रश्न.

स्पिरिट टाकू नका. आणि गाडी मुंबईत आली असेल तर पुढचा माल भरायच्या आधी ती पिटावर, म्हणजे खालून तपासायच्या खड्ड्यावर, घ्या, कारण जाळाने काय जळलंय ते बाहेरून दिसत नाही. मी वडाळ्याच्या ट्रक टर्मिनलजवळ एअर ब्रेकचंच काम करतो. थंडीच्या दिवसांत वर गेलेल्या गाड्यांच्या ड्रायव्हरांचे पहाटे फोन येतात, म्हणून हे जरा सविस्तर लिहितो.

ट्रकचे ब्रेक दाबलेल्या हवेवर चालतात. ती हवा बनवणारा कॉम्प्रेसर बाहेरची हवा ओढतो, आणि आपल्याकडची हवा म्हणजे अर्धं पाणीच. 30 अंशांच्या दमट दिवशी मुंबईच्या एका घनमीटर हवेत 20 ग्रॅमच्या वर वाफ असते. तीच हवा दाबून 8 किलोवर नेली आणि ती टाकीत गार झाली, की त्यातली बहुतेक वाफ पाणी होऊन तळाला बसते. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला बाहेरून पाणी सुटतं, तसं इथे टाकीला आतून सुटतं. हे पाणी अडवायला ड्रायर आहे, पण त्यातले ओलावा शोषणारे दाणे एकदा भिजून तेलकट झाले की तो नावापुरता उरतो. मुंबई, गुजरात, राजस्थान या पट्ट्यात टाकीतलं पाणी गोठत नाही, त्यामुळे ड्रायर मेलाय हे कुणाच्या लक्षातही येत नाही. तीच गाडी चिल्लई कलानमध्ये, म्हणजे 21 डिसेंबरपासूनच्या 40 दिवसांत, काश्मीरमध्ये रात्रभर उभी राहते तेव्हा आतलं पाणी वॉल्वमध्ये आणि पायपाच्या वळणात बर्फ होऊन बसतं. म्हणून माझं ठाम मत आहे की काझीगुंडच्या जामचा इलाज इथे, गाडी सुटायच्या आधी करायचा असतो.

तरी वाटेत जाम झालीच, तर जाम कुठे आहे हे आधी ओळखायला हवं. ही गोष्ट दोन प्रकारची असते आणि दोन्हींचा इलाज वेगळा आहे. मागच्या चाकांचा हँडब्रेक हवेने लागत नाही, स्प्रिंगने लागतो. हवा त्या स्प्रिंगला दाबून धरते तेव्हा चाक मोकळं होतं. मीटर दाखवतं ती टाकीतली हवा. ती बूस्टरपर्यंत, म्हणजे चाकाजवळच्या ब्रेकच्या डब्यापर्यंत, पोचली की नाही, हे मीटर सांगत नाही. तेव्हा चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावायचे, केबिनमध्ये एक माणूस बसवायचा, आणि दुसऱ्याने बाजूला उभं राहून टॉर्चच्या उजेडात मागच्या बूस्टरचा दांडा बघायचा. हँडब्रेक सोडल्यावर दांडा आत गेला आणि स्लॅक ॲडजस्टर, म्हणजे दांड्याला जोडलेला ब्रेक फिरवणारा हात, मागे फिरला, तर हवा पोचते आहे आणि जाम ड्रममध्ये आहे: ओले लायनर (ड्रमला घासून ब्रेक लावणारे पट्टे) ड्रमला चिकटून गोठलेत. दांडा जागचा हलला नाही, तर हवाच पोचत नाही, बर्फ पायपात किंवा मागच्या ब्रेकना हवा सोडणाऱ्या रिले वॉल्वमध्ये आहे. अजून एक खूण कानाची. हँडब्रेक सोडून थोडं थांबा आणि पुन्हा लावा. लावताना मागच्या ॲक्सलकडून हवा सुटल्याचा मोठा फुस्स आवाज आला, तर हवा आत गेली होती. आवाजच नाही, तर वाटेत बर्फ आहे.

तिसरा प्रकारही असतो, मीटरच वर चढत नाही. तेव्हा ड्रायरखाली कान द्यायचा. तिथून सतत हवा जात असेल तर ड्रायरचा खालचा वॉल्व उघडा राहून गोठलाय.

लायनर चिकटले असतील तर हवा पूर्ण बनू द्या, हँडब्रेक सोडा, ठोकळे थोडे लांब सरकवा आणि खालच्या गिअरमध्ये गाडी हलकेच पुढे, मग रिव्हर्समध्ये मागे, अशी झुलवा. सुटत नसेल तर ड्रमच्या कडेवर हातोडीचे मध्यम ठोके द्यायचे. ड्रम बिडाचा असतो, घणाने तडकतो. बूस्टरला मात्र हातोडी लावायची नाही. जोर करून गाडी ओढली तर लायनर शूवरून उखडतो, किंवा चाक न फिरता बर्फावरून घसरत जातं आणि ड्रायव्हरला वाटतं सुटलं. टायरवर खडूने एक रेघ मारा आणि गाडी हलताना ती रेघ फिरते का ते खाली उभ्या माणसाने बघा. एवढ्या साध्या खुणेने टायर वाचतात.

बर्फ वॉल्वमध्ये असेल तर कोरडी ऊब द्यायची. ढाब्यावर वीज मिळाली तर गरम हवेचा ब्लोअर. नाही मिळाली तर शेकायची रबरी पिशवी गरम पाण्याने भरून रिले वॉल्ववर बांधा, इंजिन चालू ठेवा आणि वाट बघा. किटलीने उकळतं पाणी ओतू नका. ते थोड्या वेळात तिथेच गोठतं आणि जाम वाढतो. बूस्टर सुटत नाही म्हणून त्याचा क्लॅम्प खोलायला तर कुणालाही देऊ नका. आतली स्प्रिंग इतक्या जोराने बाहेर येते की समोरचा माणूस जागीच जाऊ शकतो.

आणि चाक मोकळं झालं म्हणजे काम झालं असं समजून लगेच घाट उतरायचा नाही. सुटलेला बर्फाचा तुकडा दुसऱ्या वॉल्वमध्ये अडकू शकतो, आणि मग जो ब्रेक सुटत नव्हता तो लागेनासा होतो. सपाटीवर माणसाच्या चालीने गाडी चालवून पायाचा ब्रेक चार-पाच वेळा दाबून बघावा. चाकं सारखी धरतात, मीटर पडत नाही, अशी खात्री झाली की मगच पुढे. बनिहालच्या बाजूच्या उतारावर ब्रेक तपासायची सोय नसते.

आता जाळाबद्दल. हिवाळ्यात वर ड्रायव्हर टाकीखालीही चिंध्या पेटवतात, ॲक्सलखालीही पेटवतात. शून्याखालच्या पहाटे, हात बधिर झालेले, मागे गाड्यांची रांग आणि मालकाचे फोन, अशात माणूस हातात येईल ते करतो. त्याला दोष देऊ नका. पण हवेचे पाइप नायलॉनचे असतात. जाळाने ते लगेच फुटत नाहीत, मऊ होतात, आणि पुढे कधीतरी ब्रेक जोरात दाबल्यावर उसवतात. बूस्टरच्या आतला रबरी डायफ्राम, हबचं ऑइल सील आणि ग्रीस, एबीएसच्या सेन्सरची वायर, टायरची आतली बाजू, यातलं एकही बाहेरून नीट दिसत नाही. पायपावर नखाने दाबून बघा, चकाकी गेलेला, सुरकुतलेला किंवा चपटा झालेला तुकडा सरळ बदला. पूर्ण हवा भरून इंजिन बंद करा, पायाचा ब्रेक दाबून धरा आणि साबणाच्या पाण्याचा ब्रश सगळ्या जोडांवरून फिरवा. स्प्रिंगच्या बाजूसाठी हँडब्रेक सोडून हेच पुन्हा करा, चाकांना ठोकळे लावून. बुडबुडा दिसला तर गाडी बाहेर काढू नका.

स्पिरिटला नाही का म्हणतो तेही सांगतो. स्पिरिटने पाणी गोठत नाही हे खरं आहे, जुन्या गाड्यांत त्याची सोयही असायची. पण ड्रायरच्या गाडीत ते ड्रायरचे दाणे खराब करतं, वॉल्वमधलं ग्रीस धुऊन टाकतं, रबरी रिंगा फुगवतं किंवा कडक करतं. एक रात्र निभावते आणि महिन्याभराने वॉल्व चिकटू लागतात. ब्रेक बनवणाऱ्या कंपनीने तुमच्या मॉडेलसाठी मान्य केलेलं द्रव असेल तरच, अडचणीत, त्यांनी सांगितल्या जागी वापरा आणि घरी आल्यावर ड्रायरचा फिल्टर बदला. डिझेल, कूलंट किंवा ब्रेक ऑइल तर कधीच नाही. शिवाय ही स्पिरिटं बहुधा मिथेनॉल असतात. 2015 साली मालाडच्या मालवणीत मिथेनॉलच्या दारूने शंभरावर माणसं गेली. कडाक्याच्या थंडीत केबिनमध्ये बिननावाची बाटली पडलेली असणं मला अजिबात मान्य नाही.

मुंबईतून सुटताना करायचं काम तसं थोडं आहे. सगळ्या टाक्यांचे ड्रेन कॉक ओढा आणि जे पडतं ते पांढऱ्या डब्यात धरा. नुसतं गंजकट पाणी आलं तर ड्रायर थकलाय. दुधाळ, करड्या रंगाचं, बोटांत चोळल्यावर चिकट लागणारं आणि जळक्या तेलाचा वास येणारं आलं तर कॉम्प्रेसर तेल फेकतोय. अशा वेळी नुसता फिल्टर बदलून पैसे वाया जातात, नवा फिल्टर थोड्याच दिवसांत तेलाने माखतो. हवा पूर्ण भरली की ड्रायर खालून फटकन हवा सोडतो, तो आवाज येतोच पाहिजे. ड्रायरला हीटर असेल तर त्याचा फ्यूज आणि वायर मल्टिमीटरने तपासून घ्या. आपल्या हवेत तो हीटर कधी लागतच नाही, त्यामुळे वायर तुटून वर्ष झालं तरी कळत नाही. कॉम्प्रेसरपासून ड्रायरपर्यंतचा पाइप उताराने गेला पाहिजे, मध्ये झोळ नको. वाटेत कुणी तात्पुरता पाइप जोडून दिला असेल तर तिथे हमखास झोळ असतो आणि पाणी आधी तिथेच गोठतं.

पंजाब ओलांडल्यावर टाक्या रोज संध्याकाळी, गाडी गरम असतानाच रिकाम्या करायच्या. सकाळी कॉकच गोठलेला असतो. मुक्कामाच्या आधीचे एक-दोन किलोमीटर पायाचा ब्रेक हलका दाबत जायचं, म्हणजे ड्रम तापून लायनर कोरडे होतात. जागा खरोखर सपाट असेल, गाडी गिअरमध्ये असेल आणि दोन्ही बाजूंनी ठोकळे असतील तरच हँडब्रेक मोकळा ठेवता येतो, आणि तोही हवा कुठे गळत नसेल तर. गळत असेल तर रात्रीतून स्प्रिंग आपोआप लागणारच. उतारावर हँडब्रेक लावायचाच, गोठला तर गोठला.

डिझेल गोठण्याचा प्रश्न वेगळा. लडाखकडे गाडी जाणार असेल तर तिथे 2019 पासून उणे 33 अंशांपर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल मिळतं, तेच भरायला सांगा.

एक विनंती मालक म्हणून तुम्हाला. सकाळी गाडी सोडवायला, ब्रेक तपासायला तास-दीड तास लागू शकतो. तेवढा वेळ ड्रायव्हरला आधीच देऊन ठेवा आणि त्या वेळात त्याला फोन करू नका. ठोकळे, टॉर्च, रबरी पिशवी आणि हातमोजे गाडीत तुम्हीच ठेवा, त्याच्या खिशातून नको.

टाकीतून काय निघालं आणि ड्रायरचा फटकन आवाज येतो का, हे बघून इथेच खाली लिहा. गाडीचं मॉडेल आणि वर्षही लिहा. पाण्यात तेल असेल तर फिल्टर विकत घ्यायच्या आधी कॉम्प्रेसर खोलावा लागेल.