डिकीतली रायफल

शस्त्र परवान्याबद्दल आलेल्या पत्रांपैकी पाच या वेळी घेतली आहेत. पत्रलेखकांची नावं मुद्दाम छापलेली नाहीत. कोणाच्या घरी हत्यार आहे, हे गावभर व्हायला नको.

प्रश्न : आंबिया बहराची संत्री नागपूरच्या कळमना बाजारात विकून रात्री काटोलकडे परततो. बरेचदा जवळ रोख असते. माझ्याकडे .३१५ बोरची परवान्याची रायफल आहे. ती कायम गाडीच्या डिकीत ठेवावी, असा मुलाचा आग्रह आहे. अमेरिकेतले शेतकरी ट्रकमध्ये रायफल ठेवतात, असे व्हिडिओ तो दाखवतो. तुमचं मत काय? (एक बागायतदार, काटोल तालुका)

उत्तर : ठेवू नका. तिकडचा कायदा राज्याराज्याला बदलतो आणि इथे तो लागूच नाही, म्हणून व्हिडिओ बाजूला ठेवू.

आधी रायफल वेळेला हाती लागते का ते बघा. .३१५ची लांबी साडेतीन फुटांच्या आसपास. ती रिकामी, कव्हरमध्ये आणि डिकीत आहे असं धरा. गाडी थांबवायची, उतरायचं, मागे जायचं, डिकी उघडायची, कव्हरची चेन ओढायची, मॅगझीन भरून बसवायचं, बोल्ट (नळीचं मागचं तोंड बंद करणारा सरकता दांडा) मागेपुढे करून काडतूस नळीत घ्यायचं. दिवसाउजेडी, शांत डोक्यानं हे करायला अर्धं मिनिट सहज जातं. अंधारात, हात थरथरत असताना किती जाईल याचा अंदाज तुम्हीच करा. शिवाय लुटायला आलेल्याला तुम्ही गाडीतून उतरायलाच हवे असता. ‘बोनेटमधून ऑइल गळतंय’ असं ओरडून गाडी थांबवायला लावणारे याच क्षणाची वाट बघतात.

मग मुलगा म्हणेल, पुढच्या सीटजवळ भरून ठेवू. भरलेली लांब बंदूक गाडीत ठेवण्याइतकं धोक्याचं दुसरं काही नाही. अपघात ठरलेल्या पद्धतीनं होतात : कोणी दार उघडून नळीला धरून रायफल बाहेर ओढतो, ट्रिगर सीटबेल्टच्या बकलात किंवा पिशवीच्या बंदात अडकतो, आणि नळीचं तोंड ओढणाऱ्याच्या पोटाकडे असतं. जुन्या रायफलींची सेफ्टी झिजलेली असते, तिच्यावर विसंबता येत नाही. स्टिअरिंगमागे बसून साडेतीन फुटांची रायफल खिडकीकडे वळवताही येत नाही. वळलीच आणि बंद केबिनमध्ये बार झाला, तर आवाज १५० डेसिबलच्या वर जातो. त्यानंतर बराच वेळ तुम्हाला आणि शेजारी बसलेल्याला धड ऐकू येणार नाही. गोळी चुकली तर ती किलोमीटरभर पुढेही जीव घेऊ शकते आणि काटोल रोडला दोन्ही अंगांनी वस्ती आहे.

म्हणजे नियमात बसेल अशी ठेवलेली रायफल संकटात हाती येत नाही, आणि हाती येईल अशी ठेवली तर ती नियमातही बसत नाही नि सुरक्षितही राहत नाही. शस्त्र नियम, २०१६ प्रमाणे सार्वजनिक जागी लांब बंदूक तिच्यासाठीच्या कव्हरमध्ये, पूर्ण झाकलेली असावी लागते आणि नेणाऱ्याचा तिच्यावर प्रत्यक्ष ताबा असावा लागतो. तुम्ही कळमन्यात हिशेब करत बसला आहात आणि गाडी पार्किंगमध्ये उभी आहे, तर हा ताबा उरत नाही. परवान्याची अट मोडल्यास शस्त्र कायद्याच्या कलम ३० खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दंड किरकोळ वाटेल, पण त्याच कायद्याच्या कलम १७ खाली परवाना निलंबित किंवा रद्द होऊ शकतो. काच फोडून चोरानं रायफल नेली तर विनाविलंब ठाण्यात वर्दी द्यावी लागते. त्यानंतरची उत्तरं देणं सोपं नसतं.

गोळी झाडल्यावर काय, हेही मुलाला सांगा. भारतीय न्याय संहितेची कलमं ३४ ते ४४ स्वसंरक्षणाचा हक्क देतात, पण कलम ३७ त्याला मर्यादा घालतं : गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्कच नाही. पैसे घेऊन पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घातली, तर बचाव टिकवणं फार कठीण. शिवाय निष्काळजीपणानं बार करून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला, तर शस्त्र कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीनंतर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे.

रोखीचं दुखणं रोखीपाशीच मिटवा. अडत्याकडून रक्कम खात्यात घ्या. ते जमत नसेल तर नागपुरातच भरणा करून निघा. कळमन्याहून निघायची वेळ आणि रस्ता दर खेपेला बदला. दारं आतून लॉक, टाकी निम्म्याच्या वर, फोन चार्ज. कोणी ‘टायर बसलं’ म्हणून खुणावलं, तर पेट्रोल पंप किंवा धाब्याच्या उजेडात जाऊनच थांबा. बसलेल्या टायरवर एक-दोन किलोमीटर हळू गेल्यानं फार तर टायर जाईल. ११२ लावलेला फोन हातात असू द्या. राष्ट्रीय महामार्गावर गाडी बंद पडली तर १०३३.

प्रश्न : काडतुसं तरी गाडीच्या कप्प्यात राहू द्यावी का? उन्हात फुटतात असं ऐकलं. (मानेवाडा, नागपूर)

उत्तर : फुटत नाहीत, पण नासतात. मे महिन्यात बाहेर ४५ अंश असले, तर उन्हात बंद उभ्या गाडीत तासाभरात आणखी वीसेक अंश चढतात आणि डॅशबोर्ड त्याहून तापतो. काडतूस आपोआप उडायला याच्या कितीतरी जास्त उष्णता लागते. मात्र काडतुसातली बिनधुराची दारू नायट्रोसेल्युलोजची असते. तिला टिकवणारं रसायन सततच्या उष्णतेनं लवकर संपतं. मग दारू हळूहळू कुजते, आम्ल सुटतं, पितळ ठिसूळ होतं आणि बाराचा दाब बेभरवशाचा होतो. तापलेलं काडतूस लगेच झाडलं तर दाब नेहमीपेक्षा जास्त येतो, गोळी वर लागते आणि काडतुसाचा रिकामा खोका नळीत घट्ट बसतो. असे दोन-तीन उन्हाळे गाडीत काढलेली काडतुसं वापरू नका. परवान्याच्या नोंदीनुसार विक्रेत्याकडे किंवा ठाण्यात जमा करा. चाप ओढूनही बार झाला नाही, तर बोल्ट लगेच उघडू नका. नळी सुरक्षित दिशेला धरून किमान ३० सेकंद थांबा, कारण काही वेळा बार उशिरा होतो.

रायफलीचंही तेच. पातळ झालेलं तेल लोखंडावरून ओघळून लाकडी दस्त्यात मुरतं आणि दस्ता मऊ पडतो. मागे उरलेलं तेल डिसेंबरच्या थंडीत चिकट होऊन फायरिंग पिन मंदावते. पावसाळ्यात कव्हरचा फोम ओल धरून ठेवतो, त्यामुळे महिनाभर कव्हरमध्ये राहिलेल्या नळीवर गंज हमखास. कोराडी, उमरेडकडची कोळशाची धूळ मॅगझीनच्या स्प्रिंगमध्ये बसते. खड्ड्यांच्या हादऱ्यांनी दस्त्याचे स्क्रू ढिले होतात आणि नेम सरकतो. सहा महिने डिकीत पडलेली रायफल नेमकी लागेल, असं कोणी म्हणत असेल तर त्यानं ती निशाण्यावर तपासलेली नाही.

प्रश्न : साहेबांची दुनाळी गाडीत असते. ते सोबत नसताना मी गाडी सर्व्हिसिंगला नेली तर? (एक ड्रायव्हर, धरमपेठ)

उत्तर : भाऊ, गुन्हा तुमच्यावर लागू शकतो. परवाना नसलेल्या माणसाला दुसऱ्याचं शस्त्र नेता येतं ते परवानाधारक हजर असताना किंवा त्याच्या लेखी अधिकारानं. तेही फक्त दुरुस्तीला, परवान्याच्या नूतनीकरणाला किंवा त्याच्याच वापरासाठी. गाडीच्या सर्व्हिसिंगचा यात समावेश नाही. विनापरवाना बंदूक जवळ बाळगण्याची शिक्षा दोन ते पाच वर्षं आहे. किल्ली घेण्याआधी डिकी उघडून बघा आणि दुनाळी दिसली तर साहेबांना ती घरात न्यायला सांगा. हॉटेलच्या व्हॅलेला किल्ली देतानाही हाच धोका असतो. तो साहेबांना सांगा.

प्रश्न : उमरेड-भिवापूर भागात रात्री जावं लागतं. वाघ, रानडुक्कर आडवे येतात. तेव्हा तरी बंदूक हवी ना? (उमरेड)

उत्तर : तिथे तर मुळीच नको. अभयारण्यात शस्त्र घेऊन शिरायला वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२च्या कलम ३१ प्रमाणे आधी लेखी परवानगी लागते. राष्ट्रीय उद्यानांनाही तेच लागू. उमरेड-कऱ्हांडला असो की पेंच, गाडीत बंदूक सापडली तर शिकारीचा संशय पहिला आणि जप्ती गाडीसकट. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाला तर नोंदणीही करावी लागते.

वाघ दिसला तर काचा वर, इंजिन चालू, डिपर खाली, हॉर्न नाही. तो जाईपर्यंत थांबा किंवा सावकाश मागे या. उतरून फोटो काढायची हौस ज्यांना आवरत नाही, त्यांना बंदूकही वाचवणार नाही. रानडुकराचा आणि रोह्याचा (नीलगाईचा) खरा धोका धडकेचा आहे. त्यावर ताशी ४० चा वेग आणि स्वच्छ हेडलाइट हाच इलाज. जखमी जनावर दिसलं तर वन विभागाचा १९२६.

प्रश्न : नेमबाजीच्या रेंजवर रायफल न्यायची तर रीत काय? आणि बंदुकीऐवजी एअरगन किंवा कोयता ठेवला तर? (हिंगणा रोड)

उत्तर : घरातच मॅगझीन काढा, बोल्ट उघडा, नळीचा मागचा भाग डोळ्यांनी बघा आणि करंगळी घालून खात्री करा. बोल्ट काढून वेगळ्या पिशवीत ठेवा. तो त्याच रायफलीला जुळवलेला असतो, दुसऱ्याच्या बोल्टशी अदलाबदल करू नका. काडतुसं कुलपाच्या डब्यात, रायफलीपासून दूर. मूळ परवाना खिशात. घर ते रेंज, रेंज ते घर, वाटेत चहालाही थांबायचं नाही.

निघण्यापूर्वी दोन गोष्टी तपासा. परवान्याचं क्षेत्र फक्त महाराष्ट्र असेल, तर सावनेरच्या पुढे मध्य प्रदेशची हद्द लागताच तो चालत नाही. दुसरं, महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली शस्त्रबंदीचा आदेश लागू आहे का ते ठाण्यात विचारा. निवडणुकीत शस्त्र जमा करण्याची नोटीस आली असेल, तर रेंजचा विचार सोडा.

नाकाबंदीत आतला दिवा लावा, हात स्टिअरिंगवर ठेवा आणि शिपाई विचारायच्या आधीच सांगा : ‘परवान्याचं शस्त्र आहे, रिकामं आहे, डिकीत आहे.’ स्वतः काढून दाखवायला जाऊ नका. ते परवाना मागतील आणि रायफलीचा क्रमांक जुळवतील.

०.१७७ बोरची, २० ज्यूलपर्यंतची एअरगन विनापरवाना चालते, पण तिनं लुटारू थांबत नाही. अंधारात ती खरी बंदूक समजून समोरचा खरीच काढेल, ही भीती मात्र आहे. घरकाम किंवा शेतीसाठी नसलेलं, नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचं हत्यार शस्त्र कायद्यात मोडतं. आणि शेतीचा कोयता शहरात, रात्री, सीटखाली कशासाठी, हे ठाण्यात पटवून देणं अवघड जातं. मिरपुडीचा स्प्रे चालतो, पण वारा समोरून असेल किंवा गाडीच्या आतच मारला तर डोळे तुमचेच जातात. खिडकी दोन बोटं खाली करून बाहेर मारा. तो डॅशबोर्डवर ठेवू नका, उन्हानं डबा फुटतो.