ज्युलियस सीझरने ब्रिटन जिंकलं होतं का?

नाही. सीझर इ.स.पू. ५५ आणि ५४ मध्ये दोनदा ब्रिटनवर चालून गेला, पण मागे ना शिबंदी ठेवली ना सुभेदार. रोमन सत्ता आली ती इ.स. ४३ मध्ये. सम्राट क्लॉडियसच्या हुकमावरून ऑलस प्लॉटियस फौजा घेऊन उतरला आणि कॅम्युलोडुनम (आजचं कोल्चेस्टर) घेताना क्लॉडियस स्वतः हजर झाला, तोही जेमतेम १६ दिवसांसाठी! हा तपशील इतिहासकार कॅशियस डिओचा. त्याने तो दीडशेहून जास्त वर्षांनी लिहिला. मात्र सीझरची दुसरी स्वारी अगदीच फुकट गेली नाही: आग्नेयेकडच्या टोळ्यांनी ओलीस दिले, वार्षिक खंडणीही ठरली. अर्थात हे सांगणारा मुख्य साक्षीदार खुद्द सीझरच.